दोर हातात असताना

स्केवोसशी बोलायचं असेल तर आधी त्याच्या हातांकडे बघावं लागे. हातात दोर असला तर या माणसाच्या तोंडातून शब्द निघत नसे. तुम्ही शिव्या द्या, विनोद सांगा, बोटीला आग लागली म्हणून ओरडा, त्याचं लक्ष पाण्यातून हलायचं नाही. दोर खाली ठेवला की मात्र बोलायला लागायचा, आणि मग थांबव म्हटलं तरी थांबत नसे.

मी त्याच बोटीवर यंत्रावर होतो. कालिम्नोस बेटावरच्या निम्म्या पुरुषांसारखे आम्हीही ईस्टर उरकला की स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जात असू, ते थेट थंडीच्या तोंडावर परत यायचो. पितळी टोप आणि रबरी पोशाख घालून पाणबुड्या खाली उतरायचा. माझ्या यंत्रानं नळीतून त्याला श्वास पाठवायचा आणि स्केवोसच्या दोरानं त्याची खबर आणायची. वरून एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ खालून एक झटका म्हणजे ‘ठीक आहे.’ लागोपाठ झटके आले तर ओढा वर. खालच्या माणसाचं जगाशी एवढंच बोलणं.

मी देवळात जातो तो बायकोच्या धाकानं, हे आधीच सांगून टाकतो. माझा विश्वास यंत्राच्या पट्ट्यावर आणि दट्ट्यावर. त्यामुळे स्केवोसची मी सतत टर उडवायचो. बुधवारी आणि शुक्रवारी उपास म्हणून हा जेवणात तेलाला शिवत नसे. सगळे दुपारी आडवे झाले की हा पोशाखाची भोकं बुजवत बसे, नाहीतर कुणाच्या तरी पाठीला तेल चोळून देई. एकदा मी वैतागून म्हणालो, “अरे, जरा पड की. वेळ काही पळून नाही जात.”

“वेळ माझा कुठाय, लेफ्तेरी? मला तो सांभाळायला दिलाय,” तो म्हणाला.

“मग माझाही सांभाळ थोडा. मला झोपू दे.”

तो हसला आणि सुईत दोरा ओवायला लागला. चिडायचा नाही, हीच त्याची मोठी खोड होती. समोरचा चिडत नसला की टर उडवण्यात मजा ती काय?

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. एवढा देवभोळा माणूस, मग पाणबुड्या खाली असताना प्रार्थना का करत नाही? इतर बोटींवरचे दोरवाले ओठ हलवत असत, मी पाहिलंय. विचारलं तर म्हणाला, “तेव्हा देवाशी बोलायला लागलो तर देवच म्हणेल, बाबा रे, आधी त्या पोराकडे बघ.” बस, एवढंच. वर मला म्हणतो, “तुझा पट्टा सैल झालाय, आवाज येतोय.” आणि खरंच झाला होता.

त्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा त्याची पोरगी सेवास्ती आजारी होती. सात वर्षांची. छातीचं दुखणं. खोकायला लागली की ऐकणाऱ्याचा जीव गोळा व्हायचा. डॉक्टरनं औषध दिलं आणि नजर चुकवली. निघायच्या दिवशी स्केवोसची बायको कालोतिना बंदरात उभी होती, शेजारी शालीत गुंडाळलेली पोर. सगळ्या गावासमोर खणखणीत आवाजात तिनं नवस बोलला: मरियामातेच्या सणाला, पंधरा ऑगस्टला, माझा नवरा उगवतीपासून मावळतीपर्यंत कामाला हात लावणार नाही, पाणी पिणार नाही, गुडघ्यावर बसून प्रार्थना करील. माते, त्या बदल्यात माझी पोर ठेव.

स्केवोसनं छातीवर क्रूस केला आणि मान डोलावली. सेवास्तीनं शालीतून हात काढून मलाही टाटा केला. नवस म्हणजे देवाशी घासाघीस असं माझं मत, पण त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं.

ऑगस्ट उजाडेपर्यंत आमचं नशीब फुटकंच होतं. जिथं उतरावं तिथं आधीच कुणीतरी तळ खरवडून गेलेलं. कप्तान नोमिकोसचं डोकं रोज थोडं थोडं तापत चाललं होतं. आणि नेमका सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमचा पाणबुड्या थेमेलिस वर आला तो टोप काढायच्या आधीच हातवारे करत. खाली स्पंजाचं रान होतं, कुणी न शिवलेलं. त्याची पिशवी गच्च भरली होती.

कप्तानानं पश्चिमेकडे बघितलं, मग दक्षिणेकडे. दक्षिणेला आकाश पिवळं पडलं होतं. तिकडचा वारा सुटला की आठवडाभर पाण्यात पाय घालता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

“उद्या उतरायचं,” तो म्हणाला.

मरियामातेच्या दिवशी आमच्याकडे पाणबुड्या पाण्यात जात नाही. कायदा नाही तो, पण कायदे आम्ही मोडतो आणि हे मोडत नाही. स्वयंपाक्यानं भांडी उगाच जोरात आपटली.

सकाळी स्केवोस बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर गेला. मरियामातेची छोटी तसबीर फळीला टेकवली आणि गुडघे टेकले. कप्तान त्याच्या मागं जाऊन उभा राहिला.

“स्केवोस, ऊठ. दोर धर.”

“आज नाही, कप्तान. आज कुणीच धरू नये.”

“अरे, शास्त्र मला नको शिकवू. शब्बाथाच्या, विश्रांतीच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल बाहेर काढतात की नाही? स्वतः प्रभूनं सांगितलंय.”

“बैल पडलेला नाही, नोमिकोस. तू ढकलतोयस.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेच नडलं. कप्तान नोमिकोस शिव्या खाऊन घेईल, पण हसू नाही. तो वळला तो थेट थेमेलिसकडे. “तुझं काय रे? तुलाही गुडघ्यावर बसायचंय? बस. आईला सांगू, तुझ्या पोराला यंदा आम्ही माळ जपायला ठेवला होता.”

थेमेलिस बावीस वर्षांचा होता. बापाला आणि थोरल्या भावाला याच धंद्यानं खाल्लं होतं, एकाला पाण्यात आणि एकाला खाटेवर. घरी एकटी आई. अशा पोरानं घाबरायला हवं, पण आमच्या बेटावर उलटं असतं. जपून वागणाऱ्या पाणबुड्याला पोरीसुद्धा हसतात. तो उठला आणि म्हणाला, “पोशाख आणा.”

“थेमेली, नको,” स्केवोस म्हणाला. “आजच्या दिवस थांब. उद्या मी स्वतः तुला खाली सोडतो.”

“उद्या वारा सोडेल का, स्केवोसदादा? तू कर तुझी प्रार्थना. माझ्यासाठी पण दोन शब्द टाक त्यात.”

दोर कप्तानाच्या मेव्हण्यानं घेतला, मीकेसनं. मीकेस वाईट माणूस नव्हता. पण त्याला वाटे की दोर म्हणजे बैलाचा कासरा, धरून ठेवला की झालं. त्यात कप्तान घड्याळ घेऊन त्याच्या खांद्याशी उभा. मी यंत्र चालू केलं. थेमेलिसच्या डोक्यावर टोप बसला, मळसूत्रं आवळली, आणि तो पाण्यात गेला.

यंत्राला पाठ करून मला बसता येत नाही, पण त्या दिवशी माझी नजर एकदा दोरावर, एकदा नाळेवर. स्केवोसची पाठ दिसत होती. ओठ हलत असणार, कारण पुटपुट ऐकू येत होती. थोड्या वेळानं ती थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्यानं, जणू कुणाचा आवाज दाबायचा होता. मला लगेच कळलं. हा माणूस दोर ऐकत होता. पाठ करून, डोळे मिटून, फळीवर घासणारा दोर ऐकत होता.

खालून पिशवी आली, भरलेली. रिकामी करून परत पाठवली. पुन्हा भरून आली. कप्तानाचा चेहरा खुलला.

“वेळ झाली,” स्केवोस नाळेवरून म्हणाला. वळला नव्हता.

“घड्याळ माझ्याकडे आहे,” कप्तान म्हणाला.

“वेळ झाली, नोमिकोस. वर घ्या त्याला.”

“तू तुझं काम कर. मरियामातेकडे बघ.”

मी पाहिलं, स्केवोसच्या मुठी मांड्यांवर आवळलेल्या होत्या. तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “दोर माझ्या हातात नाही. आज माझ्या हातात नाही.” मग पुन्हा पुटपुट. मला वाटलं, ऊठ रे गाढवा, ऊठ. आणि दुसरीकडे बंदरातली ती शालीतली पोर डोळ्यांपुढे होती. मला पोरं आहेत. त्याच्या जागी मी काय केलं असतं, हे मी आजही सांगत नाही, कारण मला माहीत नाही.

कप्तानानं तिसरी पिशवी खाली सोडायला सांगितली, तेव्हा स्केवोस उठला. धावत आला, मीकेसला कोपरानं बाजूला सारलं आणि दोर हातात घेतला. एक झटका दिला. उत्तर आलं, पण त्या उत्तरावर त्याची भिवई आक्रसली. “किती वेळ ठेवलाय रे पोराला!” तो ओरडला आणि थेमेलिसला वर घ्यायला लागला. जितकं सावकाश घ्यायचं तितकं सावकाश. कप्तान त्याच्या कानाशी ओरडत होता. पण आता दोर हातात होता, आणि तुम्हाला सांगितलंच, मग त्याला काही ऐकू येत नसे.

थेमेलिस वर आला तो चिडलेला. टोप निघताच स्केवोसला म्हणाला, “अजून भरायचं होतं! कुणी सांगितलं होतं तुला? जा ना, गुडघ्यावर बस!” पिशव्यांतले काळे, चिखलानं लडबडलेले स्पंज डेकवर पसरले होते. कप्तान हसत होता. आणि रिवाजाप्रमाणे मीकेसनं सिगरेट पेटवून थेमेलिसच्या तोंडात दिली.

ही सिगरेट नवख्याला चैन वाटेल. ती परीक्षा असते. पाणबुड्या पोशाखातच बसून सिगरेट ओढतो, बाकीचे इकडंतिकडं बघितल्यासारखं करतात. सिगरेट संपेपर्यंत काही झालं नाही, तर पोशाख उतरवायचा. त्या वेळी बोटीवर कुणी शिंकतसुद्धा नाही.

थेमेलिस अर्ध्यापर्यंत आला. काहीतरी गमतीचं सांगत होता, आपल्या लग्नाबद्दल. मग मध्येच थांबला आणि बोटांकडे बघायला लागला. सिगरेट बोटांतून मांडीवर पडली होती, रबर जळत होतं, वास आम्हाला येत होता. त्याला कळत नव्हतं.

“दादा,” तो म्हणाला, “माझे पाय कुठायत?”

खोल पाण्यात फार वेळ राहून वर आलेल्याचे असे हातपाय जातात; आमच्याकडे म्हणतात, त्याला मशीन लागली. कुणी हे शब्द उच्चारले नाहीत. कप्तानाचा चेहरा राखेसारखा झाला. थेमेलिस उठायला गेला आणि कंबरेतून कोसळला. मग त्याला दुखायला लागलं. ते ओरडणं मी इथं लिहीत नाही.

“टोप,” स्केवोस म्हणाला. “टोप चढवा. परत खाली.”

यावर एकच इलाज आम्हाला ठाऊक होता. ज्या पाण्यानं मारलं त्याच पाण्यात माणसाला परत उतरवायचं, लटकत ठेवायचं, आणि तासन्‌तास थोडं थोडं वर घ्यायचं. कधी पाय परत येतात. कधी मेलेला माणूस वर येतो. थेमेलिसचा बाप असाच लटकताना गेला होता. थेमेलिसला हे ठाऊक होतं. त्यानं स्केवोसचा सदरा घट्ट धरला.

“मला नको रे सोडू तिथं. तू धर. तू धरणार असशील तर जातो.”

स्केवोसनं एकदा नाळेकडे पाहिलं. तसबीर तिथंच होती, फळीला टेकलेली. सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता. एवढा वेळ आपण कामाला शिवलो ते पोराला ओढून काढण्यापुरतं, असं म्हणून त्याला परत गुडघे टेकता आले असते. मीकेस पुढं येऊन रडत म्हणालासुद्धा, “दादा, मी धरतो, आता नीट धरतो, तुझी पोर...”

“सर बाजूला,” स्केवोस म्हणाला. मग थेमेलिसला म्हणाला, “मी धरतो. विचारलं की उत्तर दे. झोप आली तरी उत्तर दे. कळलं?”

टोप बसला. पोर खाली गेलं.

त्यानंतरचा दिवस मला सलग आठवत नाही. उन्हानं फळ्या पोळत होत्या. स्केवोस कडेला बसला, दोर दोन्ही तळहातांतून जाऊ दिला आणि थोड्या थोड्या वेळानं एक झटका देत राहिला. प्रत्येक वेळी आम्ही सगळे त्याच्या मनगटाकडे बघायचो. खालून झटका आला की मनगट किंचित हलायचं, आणि मग आम्ही श्वास सोडायचो. मी यंत्राला चिकटून होतो. ते तापत चाललं होतं. कधी एवढा वेळ सलग चाललंच नव्हतं. मी त्याच्यावर ओली पोती टाकत होतो, पट्ट्याला राळ लावत होतो, आणि ज्या देवावर माझा विश्वास नाही त्याला शिव्या घालत होतो. ती माझी प्रार्थना समजा हवं तर.

दुपारी वारा सुटला. दक्षिणेचा, वाळूचा वास घेऊन. लाटा उठायला लागल्या, नांगर धरून होता पण दोरखंड कुरकुरत होता. कप्तान पुढं आला. “स्केवोस, इथं थांबलो तर बोट जाईल. ओढ त्याला वर. बंदर गाठू, तिथं डॉक्टर आहे.”

“ओढला तर डॉक्टरला मढं दाखवशील.” दोर हातात असतानाही तो बोलला, नजर पाण्यावरच ठेवून.

“आम्ही इतकी माणसं आहोत बोटीवर!”

“मग इतकी माणसं मिळून नांगर सांभाळा. माझ्याशी बोलू नका.”

कप्तान त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता दोर हिसकावतो. मी पाना हातात घेतला होता, खरं सांगतो. पण नोमिकोस वळला आणि दुसरा नांगर टाकायला ओरडला. मग स्वतः दोरखंडापाशी जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. माणूस लोभी होता, दगड नव्हता.

उन्हं कलायला लागली तेव्हा एकदा उत्तर आलं नाही.

स्केवोसनं झटका दिला. मनगट हललं नाही. त्यानं पुन्हा दिला. लाटेनं बोट उचलली, दोर ताणला गेला, सैल पडला, आणि यातलं पाण्याचं कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. मीकेस तोंडावर हात घेऊन बसला. “ओढा!” कुणीतरी ओरडलं. “ओढा, गेला तो!” मला हवेच्या नळीचा दाब दिसत होता. हवा जात होती. ती कुणी घेत होतं की नाही, ते मात्र यंत्र सांगत नाही.

स्केवोसनं ओढलं नाही. त्यानं डोळे मिटले आणि दोर बोटांच्या टोकांवर घेतला, इतका हलका, की मला वाटलं सुटतोय. तसाच बसला. तो क्षण होता की तास, विचारू नका. मग त्यानं तिसऱ्यांदा झटका दिला, मोठा, रागावल्यासारखा. आणि त्याचं मनगट हललं. एकदा. मग लगेच दुसऱ्यांदा, उगाचच, जणू खालचा माणूस शिवी देत होता.

“झोपला होता, लेकाचा,” स्केवोस म्हणाला. आणि पुन्हा दोराकडे वळला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

सूर्य समुद्राला टेकला तेव्हा त्यानं थेमेलिसला शेवटचं वर घेतलं. टोप काढला. पोराचे ओठ निळे होते. मीकेसनं सिगरेट पेटवली. आम्ही या वेळी इकडंतिकडं बघायचं नाटक केलं नाही. सगळे वर्तुळ करून त्या सिगरेटकडे बघत होतो. ती संपली. थेमेलिसनं थोटूक फेकलं, मीकेसच्या खांद्यावर हात ठेवला आणि उभा राहिला. डावा पाय लटपटला. पण उभा राहिला.

स्केवोसच्या तळहातांची साल गेली होती. मी त्याला पाणी दिलं तर त्यानं आधी पश्चिमेकडे बघितलं, सूर्य पुरता बुडाला की नाही म्हणून. मला हसूही आलं आणि रडूही.

“पी रे. नवस तर केव्हाच मोडलास.”

“पाण्याचा तरी राहू दे,” तो म्हणाला.

“दिवसभरात एखादी प्रार्थना तरी केलीस?”

“एकही नाही. दोर हातात होता. सकाळी केल्या, त्या वेळी पोराचे पाय जात होते. मी ऐकत होतो, लेफ्तेरी. मला कळत होतं. तरी बसून राहिलो, कारण माझी पोर...”

मी म्हणालो, “मरियामाता समजून घेईल. तीही आईच आहे.”

“म्हणूनच भीती वाटते. कालोतिना तिच्याशी आई म्हणून बोललीय. एकच दिवस मागितला होता माझ्याकडून, आणि तो मी दुसरीच्या पोराला दिला.”

पुढचे महिने त्यानं काम तसंच केलं. झटका द्यायचा, उत्तर घ्यायचं. पण दोर ठेवल्यावर आता तो बोलेनासा झाला. थेमेलिसला पुन्हा खाली सोडलं नाही कुणी. तो डेकवर स्पंज तुडवून साफ करायचा, आणि स्केवोसकडे बघायची त्याला हिंमत होत नसे. एकदा मला म्हणाला, “ती पोरगी गेली तर मी काय करायचं? गावात तोंड कसं दाखवायचं?” मी त्याला ओरडलो, काम कर म्हणून. पण रोज परतीचा दिवस जवळ येत होता. परतीच्या वाटेला लागल्यावर घाबरलेली अशी बोट मी दुसरी पाहिली नाही.

कालिम्नोस दिसलं. घंटा वाजायला लागल्या. बंदरात बाया उभ्या होत्या, वाऱ्यात डोक्यावरचे रुमाल धरून, आपापली माणसं मोजत. धक्का जवळ आला तशी मला कालोतिना दिसली. एकटी होती. काळ्या कपड्यांत.

स्केवोसनं मला विचारलं, “तुला दिसतेय?” मी दोरखंड धक्क्यावर फेकला.

तो उतरला. आम्ही मागं उभे राहिलो, कुणालाच पुढं जाववेना. थेमेलिस माझ्या शेजारी गठुळं घेऊन थिजला होता. चार पावलांवर त्याची वाट होती, पण पाय उचलत नव्हता.

“कधी?” स्केवोसनं विचारलं.

“जुलैत. एलिया संदेष्ट्याच्या सणाच्या आदल्या दिवशी. सकाळी दूध मागितलं, आणि आणेपर्यंत...” तिचा आवाज सपाट होता, रडून रडून झिजलेला. “कळवलं नाही. दोरवाल्याला वाईट खबर धाडत नाहीत. बुद्धी थाऱ्यावर राहत नाही, खालचा माणूस मरतो. चाळिसाव्या दिवसाचे विधीही केले मी एकटीनं.”

जुलैत. मी मनातल्या मनात हिशेब केला. ज्या सकाळी तो गुडघ्यावर बसून तिच्यासाठी प्रार्थना करत होता, तेव्हा पोर मातीखाली होती. मला देवाचा असा संताप आला, की तो समोर असता तर मी त्याला पान्यानं हाणलं असतं.

स्केवोसनं छातीवर क्रूस केला. मग म्हणाला, “कालोतिना, मी नवस पाळला नाही.”

सांगायची काय गरज होती? तिला कधी कळलं नसतं. आम्ही कुणी बोललो नसतो. पण हा माणूस असाच होता.

तिनं मान वर केली. “मग त्या दिवशी काय केलंस?”

“सकाळी बसलो होतो. मग थेमेलिसचा दोर धरला. मावळेपर्यंत.”

त्याच्या तळहातांवर दोराचे वण अजून लाल होते. तिनं ते पाहिले. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून आमच्याकडे आली, थेमेलिसवर थांबली, त्याच्या पायांवर गेली. मला वाटलं आता शाप देते. बाईला तेवढा हक्क होता.

“तू रे,” ती म्हणाली, “असा खांबासारखा काय उभा राहिलायस? तुझी आई सकाळपासून चूल पेटवून बसलीय. बंदरात यायची हिंमत नाही तिची, याआधी दोनदा येऊन पाहिलंय तिनं इथं काय उतरतं ते. जा घरी. आज निदान एका घरात तरी पोर जेवू दे.”

थेमेलिस गेला. डावा पाय ओढत, पण आपल्या पायांनी.